पेलेट अडत होती : कोपरीतील एका एअर रायफल दुरुस्तीचा अनुभव

माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल हा प्रकार खेळते. यंदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सरावाहून घरी आल्यावर तिने उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या गादीवर मसुराच्या दाण्याएवढा लाल खळगा पडला होता आणि त्याच्या कडेने शिशाचा राखाडी डाग उमटला होता. पेलेट, म्हणजे शिशाची छोटी गोळी, खाचेत ठेवून लिव्हर मिटली की ती प्रोबच्या, म्हणजे तिला पुढे ढकलणाऱ्या बारीक दांड्याच्या, रेट्याने सहज नळीत सरकायला हवी. ती सरकत नव्हती, म्हणून ही प्रत्येक पेलेट आधी अंगठ्याने दाबून बसवत होती आणि मगच लिव्हर मिटत होती. हा त्रास नेमका कशामुळे होता, तो कोणी आणि कसा शोधला, आणि त्या कामाबद्दल माझे मत काय, हे ठाणे-नवी मुंबईतील इतर पालकांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहीत आहे.

वरवर पाहता ही तक्रार किरकोळ वाटेल, पण या खेळात तसे नसते. स्पर्धेच्या पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे असतात आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. नेमबाज एकदा उभा राहून स्थिरावला की पाय, कंबर आणि डावा हात यांची जी मांडणी जमते, ती पुढच्या नेमापर्यंत शक्य तितकी न मोडता टिकवायची असते; पेलेट भरताना फक्त उजवा हात हलावा, एवढीच अपेक्षा असते. पेलेट अडली की खांदा उचलला जातो, मान वळते, मांडणी मोडते आणि ती पुन्हा जमवण्यात वेळही जातो आणि चित्तही. मुलीच्या गुणांत आठवडाभरात जी घसरण झाली होती, तिचे कारण आम्ही तिच्या श्वासात आणि ट्रिगरवरच्या बोटात शोधत होतो. ते कारण नळीच्या तोंडाशी होते.

प्रथम आम्ही रायफल एका दुकानात नेली. तेथील माणसाने लिव्हर दोन-तीनदा जोराने उघडमीट केली, नळीतून डोळा लावून पाहिले आणि नळी झिजली आहे, ती परदेशातून मागवावी लागेल, असे सांगितले. कोणतेही माप घेतले नाही, कोणती पेलेट वापरता हे विचारले नाही. सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही गप्प बसलो, कारण ती रायफलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होती. ‘तोपर्यंत पेलेटला थोडे शिलाई मशीनचे तेल लावा,’ हा सल्लाही तेथेच मिळाला आणि चार दिवस आम्ही तो पाळला. तो पाळायला नको होता. त्याविषयी पुढे सांगते.

रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाने कोपरीत एअर रायफल दुरुस्त करणाऱ्या एका काकांचा पत्ता दिला. हे दुकान नव्हे. ठाणे स्थानकाच्या पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, राहत्या घरातील गॅलरी बंद करून केलेली ही खोली आहे. पाटी नाही, आणि ती लावायची काकांची इच्छाही नाही, म्हणून नाव आणि नेमका पत्ता लिहीत नाही. ठाण्यातील कोणत्याही रेंजवर जुन्या नेमबाजांना विचारल्यास तो मिळतो. काकांची नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि मापे बनवणाऱ्या विभागात, झाली. निवृत्तीनंतर ते फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल पाहतात. खोलीत एक छोटा बेंच व्हाइस, भिंगाचा दिवा, मायक्रोमीटर आणि डायल गेजच्या लाकडी पेट्या आणि पेलेटचा वेग मोजणारा एक क्रोनोग्राफ, एवढेच सामान आहे. सगळे जागच्या जागी आणि पुसलेले.

काकांनी रायफल हातात घेण्याआधी हवेचा सिलिंडर माझ्याकडूनच काढून घेतला, त्यावरची तारीख वाचली, लिव्हर उघडी ठेवून नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि मगच ती फडक्यावर आडवी ठेवली. सिलिंडरची मुदत पाहणे ही नेमबाजाचीच जबाबदारी असते, हे त्यांनी मुलीला सांगितले, मला नाही. मला हे फार आवडले. त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘ताई, डबा आणलाय का?’ आम्ही आणला नव्हता. घरी जाऊन पेलेटचे डबे घेऊन या, तोवर मी रायफल उघडणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. कोपरीहून नौपाड्याला परत जाऊन यायला शनिवारच्या गर्दीत तास गेला, आणि त्या वेळी मी थोडी नाराज झाले होते, हे कबूल करते.

तासाभराने त्यांनी जे केले ते पाहताना नाराजी उरली नाही. त्यांनी प्रथम पेलेट न घालता, अगदी सावकाश, दोन बोटांनी लिव्हर मिटली. शेवटच्या भागात लिव्हर किंचित अडली. ते म्हणाले, ‘पेलेट नसताना अडते, म्हणजे दोष रायफलीत आहे. पण पेलेटमध्ये नाही, असं अजून म्हणता येत नाही. दोन्ही वेगवेगळं बघू.’ ही रीत त्यांनी कोठून घेतली, तेही त्यांनी काम करता करता सांगितले. परदेशात ज्यांना तशी परवानगी असते, ते नेमबाज मोठ्या रायफलीची झाडलेली काडतुसे पुन्हा भरून वापरतात, आणि अशा हाताने भरलेल्या काडतुसांची नेहमीची तक्रार असते ती हीच, की काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, पूर्ण जात नाही आणि ती पोकळी मागून बंद करणारा बोल्ट मिटत नाही. बार उडताना पितळी कवच फुगून चेंबरच्या भिंतींना टेकते. ते डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून पुन्हा मापात आणताना डाय पुरेशी खाली बसवली नसेल, तर कवचाचा खांदा, म्हणजे ते निमुळते होते तो भाग, इंचाच्या एकदोन हजारांशांनी पुढेच राहतो आणि तेवढ्यानेही बोल्ट अडतो. कधी कवचाची मान वाढून लांब झालेली असते; .३०८ विंचेस्टरच्या कवचाची कमाल लांबी २.०१५ इंच धरतात आणि ती ओलांडली की छाटणी करावीच लागते. कधी गोळी इतकी बाहेर बसवलेली असते की ती नळीतील आट्यांना आधीच भिडते, तर कधी गोळी बसवताना तोंड जास्त आवळल्यामुळे खांद्याशी फुगवटा येतो. म्हणून जाणकार माणूस आधी गोळी आणि दारू नसलेले, मापात आणलेले नुसते कवच चेंबरमध्ये घालून पाहतो. ते सहज गेले तर दोष गोळी बसवण्यात, ते अडले तर दोष कवचात किंवा चेंबरमध्ये. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे भरणे हा शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि काकांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. पण अडलेल्या वस्तूचे दोन भाग वेगळे करून एकेक तपासायचा, ही शिस्त त्यांनी टूलरूममधून जशीच्या तशी एअर रायफलीकडे आणली आहे.

पेलेटकडे आधी वळले. आमच्याकडे दोन डबे होते, एकाच कंपनीचे, वर एकच चित्र, दोन्हींत ५००-५०० पेलेट्स, दोन्हींतील प्रत्येक पेलेट ०.५३ ग्रॅम वजनाची. जुना डबा संपत आला होता आणि नवा जुलैअखेरीस घेतलेला. काकांनी दोन्ही उलटे करून मागचे छोटे लेबल भिंगाखाली धरले. जुन्यावर ४.५० होते, नव्यावर ४.५१. पेलेटच्या डोक्याचा हा व्यास असतो, आणि विक्रेत्याने ‘तेच आहे’ म्हणून दिलेला डबा आम्ही लेबल न वाचता घेतला होता. एक शतांश मिलिमीटर म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी; तरी घट्ट नळीत तो लिव्हरला जाणवतो. मी मायक्रोमीटरने मोजाल का, असे विचारले. ते म्हणाले, शिसे इतके मऊ असते की मायक्रोमीटर टेकताच पेलेट चेपते आणि आकडा खोटा येतो. त्यांनी पोलादाच्या पट्टीत ४.४८ पासून ४.५२ पर्यंत रीमरने काढलेली पाच भोके दाखवली. पेलेट डोक्याकडून भोकावर सोडायची, दाबायची नाही. ज्या भोकातून ती स्वतःच्या वजनाने डोक्यापर्यंत उतरते ते तिचे माप. नव्या डब्यातील वीस पेलेट्स त्यांनी अशा सोडल्या आणि सतरा ४.५१ च्या भोकात उतरल्या, तीन ४.५२ च्या.

पण याहून मोठी गोष्ट त्यांनी पांढऱ्या कागदावर दाखवली. जुन्या डब्यातील पेलेट्स त्यांनी कागदावर ओतल्या, पुन्हा उचलून डब्यात ठेवल्या, आणि कागद आमच्यासमोर धरला. त्यावर पिठासारखी बारीक, पांढरट भुकटी उरली होती. खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्यात हवा किती ओली असते ते आपण सगळे जाणतो; शिसे अशा हवेत गंजते आणि त्याच्यावर पांढरे खरखरीत पुट चढते. आमचा डबा जूनपासून किटबॅगेत, ओल्या जॅकेटशेजारी पडून होता. ही भुकटी पेलेटबरोबर नळीच्या तोंडाशी जाते आणि तेथे साचते. त्यातच आम्ही तेल लावले होते, त्यामुळे ती धुतली न जाता चिकटून बसली. ही भुकटी तोंडात किंवा श्वासात जाणे विषारी असते, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काहीही खायचे नाही, हे त्यांनी मुलीला दोनदा बजावले. तेलाबाबत तर ते बरेच कडक बोलले. तेल लागलेली पेलेट कधी सरळ जाते, कधी भरकटते, एवढेच कारण नाही. २०० बार दाबाची हवा जेथून भरली जाते, त्या तोंडाजवळ खनिज तेल किंवा ग्रीस जाणे धोक्याचे असते. ओ-रिंगांना, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेल्या रबरी कड्यांना, लावायचे ते फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटावर जेमतेम चमकेल एवढेच.

आता रायफलीतला दोष. काकांनी एका छोट्या ट्यूबमधून निळा रंग काढला. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कोठे टेकतात ते पाहण्यासाठी जो ब्ल्यू लावतात, तोच. प्रोबच्या टोकाला त्याचा पातळ, एकसारखा लेप देऊन त्यांनी लिव्हर एकदा मिटली आणि उघडली. भिंगाखाली पाहिले तर निळ्या रंगाचा एका बाजूचा पट्टा पुसला गेला होता आणि उरलेली तीन बाजूंची निळाई जशीच्या तशी होती. प्रोब वाकलेला असता तर पट्टा वेगळ्या जागी पुसला गेला असता, असे सांगून त्यांनी लाकडी दातकोरणीने नळीच्या तोंडातील ओ-रिंग हलकेच उचलली. लोखंडी सुई तेथे चालत नाही, खाचेला ओरखडा जातो. ओ-रिंगमागच्या खाचेतून काय निघाले ते मी अजून डबीत जपून ठेवले आहे: शिशाची चंद्रकोरीसारखी वाकलेली, नखाच्या टोकाएवढी एक चकती आणि तिच्याभोवती तेलात मळलेली पांढरट-काळी रेंद. डब्यातून ओतताना पेलेटच्या मागच्या घेराची, म्हणजे स्कर्टची, कड वाकते. अशी वाकलेली पेलेट आत रेटली की तिची कड सोलली जाते. ते सोलटे ओ-रिंगमागे अडकले, ओ-रिंग एका बाजूने आत फुगली, मग पुढची प्रत्येक पेलेट आणि प्रोब तिला घासून जाऊ लागली. ओ-रिंगवर त्या बाजूला बारीक चीर पडली होती, ती मी स्वतः पाहिली.

नळी झिजली नव्हती. त्यांनी पेलेट भरायच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे, हवा जाते त्याच दिशेने, सफाईचे फेल्ट दोरीने ओढले. पहिले काळेकुट्ट निघाले, दुसरे राखाडी, चौथे जवळपास पांढरे. त्यानंतर त्यांनी जुन्या, ४.५० च्या, कागदावर निवडून घेतलेल्या पेलेट्स वापरून क्रोनोग्राफवर दहा नेम मोजले, ओ-रिंग बदलण्याआधी. वेग सेकंदाला १६१ ते १७२ मीटर यांत फिरत होता. एवढा फरक म्हणजे हवा गळते आहे, असे ते म्हणाले. योग्य मापाची ओ-रिंग त्यांच्याकडे नव्हती. जवळपास बसेल अशी एक होती, पण ती घालायला त्यांनी नकार दिला, आणि आम्हाला आठ दिवस थांबावे लागले.

पुढच्या शनिवारी ओ-रिंग बसली. तेच दहा नेम, त्याच पेलेट्स: १७० ते १७३. लिव्हर पेलेटसह आणि पेलेटविना, दोन्ही वेळा एकाच ताकदीने मिटली, आणि हे मुलीला डोळे मिटून करायला लावले. हे सगळे आकडे त्यांनी शाळकरी चौकटीच्या वहीत तारखेसह लिहिले आणि मला त्या पानाचा फोटो काढू दिला. खर्च झाला तो ओ-रिंगचे ८० रुपये आणि कामाचे ७०० रुपये. आम्हाला आधी जी नळी बदलायला सांगितली होती, ती आजही रायफलीत आहे.

गैरसोयीही सांगायला हव्यात. काका फक्त शनिवारी दुपारी चारनंतर काम घेतात, फोन बहुधा उचलत नाहीत, इमारतीला लिफ्ट नाही आणि रायफलीची कठीण पेटी घेऊन दोन मजले चढावे लागतात. सुटे भाग त्यांच्याकडे साठवलेले नसतात, त्यामुळे स्पर्धा तोंडावर असताना त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही. महिनाभर आधी जावे. पक्के बिल मिळत नाही, आणि हे मला योग्य वाटत नाही. त्यांनी जसे आकडे लिहून दिले तसा केलेल्या कामाचा एक छोटा कागदही दिला, तर पुढे रायफल विकताना किंवा दुसऱ्या कोणाला दाखवताना तो उपयोगी पडेल. हे मी त्यांना सांगितले, त्यांनी ऐकून घेतले. बंदुकीचे काम ते घेत नाहीत. एअर रायफलीची ताकद वाढवून द्या, असे म्हणणाऱ्याला ते दारातूनच परत पाठवतात. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याविना ठेवता येते, आणि स्पर्धेची रायफल आठ ज्यूलच्याही आत असते, तेव्हा ती वाढवण्यामागचा हेतू खेळाचा नसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटते.

ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे याच प्रकारात जगज्जेता झाला, तेव्हापासून आमच्या परिसरातील किती घरांत अशी पेटी आली आहे, ते मी रेंजवर पाहते. रायफलीवर लाखांत खर्च करणारे पालक पेलेटच्या डब्यामागचे लेबल वाचत नाहीत. आम्हीही वाचत नव्हतो. आता डबा घेताना मी आधी डोक्याचे माप पाहते आणि मगच पैसे देते. डबा किटबॅगेत राहत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, कपाटात असतो. पेलेट्स ओतायच्या नाहीत, सरावापुरत्या एकेक उचलून फोमच्या खाचांच्या ट्रेमध्ये मांडायच्या, हे काम मुलगी आदल्या रात्री स्वतः करते आणि वाकल्या कडेची पेलेट बाजूला टाकते. ४.५१ चा तो नवा डबा आम्ही फेकला नाही. काकांनी तो एका दुसऱ्या मुलाच्या थोड्या सैल नळीच्या रायफलीत भरून पाहिला, तेथे तो व्यवस्थित चालला, आणि त्या मुलाच्या वडिलांनी तो आमच्याकडून घेतला.

त्यांच्याकडे जायचे असेल तर रायफलीबरोबर सिलिंडर, सध्या वापरात असलेला पेलेटचा डबा, आणि जमल्यास त्याआधीचा रिकामा डबाही लेबलासह न्यावा. नेमबाज मूल स्वतः बरोबर असावे, कारण लिव्हर किती अडते ते काका त्यालाच विचारतात. आणि आदल्या दिवशी नळी साफ करून नेऊ नये. अडलेली घाण त्यांना जागेवरच पाहायची असते.